फुकटच्या नोंदवह्या आणि विकतची होनोरा

सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला आम्ही त्यांना त्यांची आजी भेट दिली. निदान आमचा तसा समज होता. २४० युरो मोजून एका कंपनीकडून त्यांच्या माहेरच्या घराण्याचा अहवाल करून घेतला होता. बत्तीस पानं, गुळगुळीत जाड कागद, मुखपृष्ठावर आडनावाची रंगीत ढाल, म्हणजे घराण्याचं चिन्ह. सासूबाईंनी तो दिवाणखान्यात टीव्हीशेजारी उभा करून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. आठ महिन्यांनी कळलं, की आतली आजी दुसऱ्याच कुणाची तरी आहे. खरं तर कुणाचीच नाही. ते पुढे येईलच.

मी आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये एकोणीस वर्षं राहते. पेशाने लेखापरीक्षक, नवरा इथला. ज्या आकड्यामागे व्हाउचर नाही तो आकडा नाही, एवढं एकच तत्त्वज्ञान मला येतं. त्यामुळे हे परीक्षण कंपनीचं कमी आणि ज्या फुकट गोष्टींनी तिचा अहवाल खोटा पाडला त्यांचं जास्त आहे. घाई असेल त्यांनी एवढंच वाचा: आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेल्या कॅथलिक पॅरिश नोंदवह्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग), सरकारी आयरिश जीनिऑलॉजी संकेतस्थळ आणि राष्ट्रीय अभिलेखागाराची १९०१ व १९११ची जनगणना, या तिन्हींना माझ्याकडून पाचपैकी पाच. तिन्ही फुकट. विकतच्या अहवालाला पाचपैकी एक, तोही कागद चांगला होता म्हणून.

माहिती हाताशी होती ती इतकी: सासूबाईंच्या वडिलांचा जन्म १८९७चा, वेस्ट कॉर्कमधला. त्यांची आई होनोरा. ती 'डोंगराच्या पलीकडची' होती असं ते म्हणायचे. वेस्ट कॉर्कमध्ये डोंगराच्या पलीकडे आणखी डोंगर असतात, तेव्हा हा पत्ता नसल्यातच जमा. आडनाव मुद्दाम सांगत नाही, तिथे अजून नातेवाईक नांदताहेत. पण स्किबरीनच्या बाजारात डोळे मिटून दगड भिरकावला तर त्याच आडनावाच्या माणसाला लागेल, इतकं ते सार्वत्रिक आहे.

आमचा समज असा, की आयर्लंडचं सगळं दप्तर जळालं. हा समज इथल्या लोकांचाही असतो आणि तो निम्मा खरा आहे. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या जनगणनांचे थोडे तुकडे सोडले तर सगळं भस्म. १८६१ आणि १८७१च्या जनगणना सरकारनेच आधी नष्ट करून टाकल्या होत्या आणि १८८१, १८९१च्या पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यात गेल्या. चर्च ऑफ आयर्लंडच्या, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या, वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून सरकारने डब्लिनला मागवून घेतल्या होत्या. त्यातल्या अर्ध्याहून अधिक त्या आगीत गेल्या. कॅथलिकांच्या वह्या कुणी मागितल्याच नव्हत्या. त्या आपापल्या पाद्र्यांच्या कपाटात ओल खात पडून होत्या, म्हणून वाचल्या. सरकारने ज्यांची पर्वा केली नाही त्यांचं दप्तर शाबूत राहिलं, हा हिशेब मला फार आवडतो.

या वह्यांचं राष्ट्रीय ग्रंथालयाने विसाव्या शतकाच्या मध्यात मायक्रोफिल्मिंग केलं आणि जुलै २०१५ मध्ये सगळं ऑनलाइन खुलं केलं. हजारावर पॅरिश, पावणेचार लाखांच्या घरात पानांची चित्रं, साधारण १८८० पर्यंतची. खातं उघडायला नको, कार्ड नको. नकाशावर पॅरिश निवडायची, वर्ष आणि महिना निवडायचा, पान समोर. नावाने शोध मात्र तिथे नाही. पानंच वाचायची. नावांची सूची दुसरीकडे मिळते, आणि कॉर्क व रॉस धर्मप्रांताच्या बाबतीत तीही सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. पण माझा सल्ला, सूचीने पान सापडलं तरी पान स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. सूची करणाऱ्याला जे महत्त्वाचं वाटलं नाही ते सूचीत नसतं.

पान दिसतं कसं? पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी चहा सांडून त्यात मुंग्या सोडल्यात. एका पाद्र्याचं अक्षर मोत्यासारखं, पुढच्याचं डॉक्टरसारखं. कुठे लॅटिन, कुठे इंग्रजी. लॅटिनमध्ये जेम्सचा जेकोबस होतो, विल्यमचा गुलिएल्मस. बाप्तिस्म्याच्या एका नोंदीत असतं काय, तर तारीख, बाळाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट, आणि दोन धर्मपालकांची, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणाऱ्यांची, नावं. काही पाद्री पुढे टाउनलँडही लिहितात, काही लिहीत नाहीत. टाउनलँड म्हणजे आपली वाडी म्हणा. साऱ्या बेटावर अशा साठ हजारांवर वाड्या आहेत आणि त्यातल्या शेकडोंची नावं एकसारखी. वाडीचं नाव माहीत नसेल तर आयर्लंडमधला माणूस सापडत नाही. माहीत असेल तर त्याची गाय कुठल्या कुंपणात चरायची हेही सापडतं.

आईचं माहेरचं आडनाव दर नोंदीत असतं, याचं मोल मला हळूहळू कळलं. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत पणजोबा, खापरपणजोबा रांगेने उभे असतात, पण बाई तिथे बहुधा कुणाची तरी पत्नी म्हणूनच येते. इथे दीडशे वर्षांपूर्वीची एक निरक्षर शेतकरीण दहा बाळंतपणांत दहा वेळा स्वतःच्या बापाच्या नावाची म्हणून लिहिली जाते.

कंपनीने लावलेली होनोरा अशी: बाप्तिस्मा १८५३, बाप जेरेमाया, आई मेरी. आधार काय, तर १९११च्या जनगणनेत होनोराचं वय ५८ लिहिलंय. १९११ वजा ५८ बरोबर १८५३. शिवाय १८७८च्या लग्नाच्या सरकारी नोंदीत वधूचा बाप जेरेमायाच. दोन आकडे जुळले, टिकमार्क केला, बिल पाठवलं.

माझी शंका तिथेच सुरू झाली. १९०१ची जनगणना त्याच संकेतस्थळावर, एका क्लिकवर. तिथे हीच बाई ४५ वर्षांची. दहा वर्षांत तिचं वय तेरा वर्षांनी वाढलं. तिच्या नवऱ्याचं त्याहून, ५४ वरून थेट ७० वर! हा चमत्कार एका घरचा नाही, अख्ख्या आयर्लंडचा आहे. १९०८ साली वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला, १ जानेवारी १९०९ पासून सत्तर पूर्ण झालेल्यांना आठवड्याला पैसे मिळू लागले. सक्तीची जन्मनोंद १८६४ची, त्यामुळे सत्तरीतल्या माणसाकडे दाखला कुठून असणार? मग अनेकांची वयं उडी मारून वाढली. नवऱ्याचं वाढवलं की बायकोचंही थोडं ओढून घ्यायचं, नाहीतर शोभत नाही. १९११चं वय पुरावा म्हणून धरणं म्हणजे पक्षकाराने स्वतःच लिहिलेली पावती धरणं. १९०१ वजा ४५, म्हणजे १८५६. मी १८५६ची पानं काढली.

दुसरी होनोरा मिळाली. तीच पॅरिश, तेच आडनाव, शेजारची वाडी. बाप मात्र डार्बी, आई मार्गारेट.

इथे अडकले. डार्बी काही जेरेमाया नव्हे, असं तीन आठवडे मानून चालले होते. एका शनिवारी सासूबाईंना सहज विचारलं, तर चहाचा कप खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "अगं, डार्बी म्हणजेच जेरेमाया. दोघंही डिअरमुड." मूळ आयरिश नाव डिअरमुड, इंग्रजी कागदावर चढताना मन्स्टर, म्हणजे दक्षिण आयर्लंडच्या, भागात त्याचं जेरेमाया व्हायचं, बोलताना डार्बी राहायचं, आणि लॅटिनमध्ये लिहिणाऱ्याच्या मर्जीवर आणखी काहीतरी. तेच होनोराचं: नोरा, हॅनोरा, हॅना, सगळ्या एकच. सत्तावीस पानांची खूण करून बसलेली मी, आणि उत्तर स्वयंपाकघरात बसून बिस्किट बुडवत होतं. पैसे देण्याआधी घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला विचारा. हा सल्ला सगळेच देतात, मीही ऐकला नव्हता.

आता दोन होनोरा, दोघींचे बाप जेरेमाया. लग्नाच्या नोंदीत वधूचा पत्ता असतो, पण ही लग्नाआधी एका मोठ्या शेतकऱ्याकडे कामाला होती, पत्ता त्याच्याच वाडीचा. सरकारी नोंदीत आईचं नाव नसतं. मग व्हाउचर कुठलं?

धर्मपालकांचा रकाना! सूचीत ज्याकडे कुणी पाहत नाही तो. होनोराचं पहिलं मूल १८७९चं. धर्मपालक डॅनियल आणि एलन, दोघांचं आडनाव होनोराच्या माहेरचं. मी दोन्ही कुटुंबांच्या सगळ्या बाप्तिस्म्यांची यादी केली, एक्सेलमध्ये, सवयीने. जेरेमाया-मेरीच्या पाच मुलांत डॅनियल नाही, एलन नाही. डार्बी-मार्गारेटकडे डॅनियल १८५१चा आणि एलन १८५९ची. मामा आणि मावशी बाळाला घेऊन वेदीपाशी उभे आहेत, हे मला त्या डागाळलेल्या पानात दिसलं. त्यात भर म्हणजे होनोराच्या थोरल्या मुलीचं नाव मार्गारेट. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, अशी इथली जुनी रीत. ती सगळ्यांनी पाळली असं नाही, म्हणून हा पुरावा मी दुय्यम धरते.

पण लेखापरीक्षकाला दुसरी बाजूही बंद करावी लागते. १८५३च्या होनोराचं पुढे काय झालं? सरकारी संकेतस्थळावर जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदवह्यांची मूळ पानं आहेत; जन्म शंभर वर्षांपूर्वीचे, लग्नं पंचाहत्तर, मृत्यू पन्नास. मृत्यूंमध्ये शोधलं आणि दहा मिनिटांत सापडली. १८७२. वय १९. अविवाहित. शेतकऱ्याची मुलगी. आजार क्षय. वर्दी देणारी मेरी, सही येत नाही म्हणून नावाच्या मधोमध फुली, आणि पुढे एवढंच, की मृत्यूसमयी हजर होती.

कंपनीने १८७८ साली जिचं लग्न लावलं ती सहा वर्षं आधी वारली होती. दहा मिनिटांचं काम! मी त्यांना दोन्ही नोंदींच्या प्रती जोडून सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं, की अहवाल 'उपलब्ध पुराव्यांच्या आधारे सर्वाधिक संभाव्य' असतो. पैसे परत नाहीत, पुढच्या अहवालावर दहा टक्के सूट. ढालीबद्दलही सांगून टाकते: चिन्ह आणि ढाल ही रीतसर एका व्यक्तीला मिळते, अख्ख्या आडनावाला नाही. चहाच्या मगावर छापलेली असते ती सजावट समजायची.

या फुकट वह्यांच्या काही लहरी आहेत, त्या ठाऊक असू द्या. एका मुलाचा बाप्तिस्मा ४ मार्चला आणि सरकारी जन्मतारीख २० मार्च, असं दिसलं तर घाबरू नका. जन्मनोंद उशिरा केली की दंड बसायचा, म्हणून आईबाप तारीखच पुढे सरकवायचे. अशा वेळी पाद्र्याची तारीख खरी धरा. आणि कॅथलिक वह्यांत बाप्तिस्मे आणि लग्नं असतात, दफनाच्या नोंदी क्वचित. १८६४च्या आधी कोण कधी गेलं, हे कळायला बहुतेकांच्या बाबतीत काही कागदच नाही. म्हणून लोक स्मशानाकडे वळतात. आम्हीही वळलो.

स्मशानाचं परीक्षण कसं करायचं? तरी करते. आधी स्किबरीनच्या हेरिटेज सेंटरला जा. जुन्या गॅसवर्क्सच्या दगडी इमारतीत आहे. दुष्काळावरचं प्रदर्शन पाहा, आणि त्यांनी केलेली परिसरातल्या दफनभूमींची सूची घरी बसूनच चाळून ठेवा, तीही फुकट आहे. मग गावाबाहेर ॲबीस्ट्रूरीला. आयलन नदीच्या काठी, रस्त्याला लागून. १८४५ नंतरच्या महादुष्काळात इथल्या खड्ड्यांत आठ ते दहा हजार माणसं पुरली गेली, असं मानतात. बघायला काय, तर हिरवळ. नीट कापलेली, किंचित उताराची. नवऱ्याने गाडीतून काठी आणली होती, सासूबाईंना धरायला. त्या काठी घेऊन त्या हिरवळीच्या कडेला उभ्या राहिल्या, पाय आत टाकला नाही.

आमची दफनभूमी तिथून वीसेक मिनिटांवर, पडक्या चर्चभोवती. गमबूट घाला. गवतात जमीन खचलेली असते, घोटा मुरगळतो, माझा मुरगळला. दगड वाचायचा तर दुपारी जाऊ नका. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना, अक्षरांच्या कडांना सावली धरते आणि दहा मिनिटांपूर्वी कोरा वाटलेला दगड बोलू लागतो. ढग असतील तर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा. आम्ही एका दगडावर असा प्रकाश टाकला तर आधी 'उभारला' एवढाच शब्द उमटला, मग मुलाचं नाव, मग वाडी, मग बापाचं. इथले दगड असेच बोलतात: ज्याने पैसे दिले तो आधी, मेलेला नंतर. तारेचा ब्रश, खडू, दाढीचा फेस यातलं काहीही वापरू नका. शेवाळ खरवडलं की त्याबरोबर अक्षरही निघतं. आयव्हीची वेल ओढू नका, कधीकधी तिनेच दगड धरून ठेवलेला असतो.

आम्हाला आमच्यांपैकी एकच दगड मिळाला, तो अमेरिकेत गेलेल्या चुलत शाखेने उभारलेला. होनोराचा नाही. दगड ही पैसेवाल्यांची गोष्ट होती. बाकीच्यांच्या उशाशी शेतातला एक खडबडीत धोंडा रोवायचे, नाव न कोरता. कुठला कुणाचा हे घरच्यांना पाठ असायचं. गवत कापायला आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने आडनाव ऐकून भिंतीलगतच्या अशा तीन धोंड्यांकडे कातरीने बोट केलं. "डोंगरापलीकडचे ते या कोपऱ्यात." कागदाचा पुरावा शून्य. मी वहीत 'तोंडी, पडताळणी बाकी' असं लिहिलं. सासूबाई तोपर्यंत तिथे पोचून मधल्या धोंड्यावरची पानं हाताने झटकत होत्या.

एक खातं अजून उघडंच आहे. १९११च्या जनगणनेत विवाहित बायकांना विचारलं होतं, जिवंत जन्मलेली मुलं किती, आज हयात किती. होनोराने सांगितलं, दहा आणि सात. मला बाप्तिस्मे नऊच सापडले, सरकारी जन्मही नऊ. दहावं शेजारच्या पॅरिशमध्ये, तिच्या माहेरी झालं असेल का, म्हणून त्या वह्या आता रोज रात्री जेवणानंतर वाचते आहे, १८८० पर्यंत आले. पुढच्या वह्यांसाठी पॅरिशच्या कचेरीत पत्र टाकलंय. कुणी डब्लिनला राहत असेल तर किल्डेअर स्ट्रीटवर राष्ट्रीय ग्रंथालयातच वंशावळीसाठी फुकट मार्गदर्शन मिळतं. मला ते खूप उशिरा कळलं. नाहीतर डार्बीपायी तीन आठवडे गेले नसते.

अहवाल मी रद्दीत टाकणार होते. सासूबाईंनी टाकू दिला नाही. परवा धूळ पुसताना उघडून पाहिला, तर वंशवृक्षाच्या पानावर १८५३च्या होनोराच्या चौकटीभोवती पेन्सिलीने नीट रेघ मारली होती, डार्बीच्या होनोराला शेजारी नवी चौकट काढली होती, आणि जुन्या चौकटीखाली सासूबाईंच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'शेजारीण. मृत्यू १८७२.'